कार्ड मान टाकेल तेव्हा : छोट्या लिनक्स संगणकांच्या बॅकअपचा आढावा

रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. किंमत ३५ डॉलर, आकार एटीएम कार्डाएवढा आणि हेतू मुलांना प्रोग्रामिंगची गोडी लावण्याचा. पुढच्या दहा-बारा वर्षांत या बोर्डाने आणि त्याच्या भाऊबंदांनी शिकण्याच्या टेबलावरून थेट कामाच्या जागेवर मुक्काम हलवला. घरातल्या सगळ्या फोनवरच्या जाहिराती अडवणारा पाय-होल, दिवे-पंखे सांभाळणारा होम असिस्टंट, सोलर इन्व्हर्टरचे आकडे नोंदवणारा लॉगर, इंटरनेट नसलेल्या शाळेत धडे पुरवणारा कोलिब्री सर्व्हर, अशी चोवीस तास चालणारी कामे आज हे संगणक करतात. पाच-सहा वॅट विजेवर, आवाज न करता, कोपऱ्यात पडून.

या साऱ्याचा भार बहुतेक ठिकाणी नखाएवढ्या मायक्रोएसडी कार्डावर असतो. ऑपरेटिंग सिस्टीम, रात्री जागून बसवलेली सेटिंग्ज, दोन-तीन वर्षांच्या नोंदी, सगळे त्या एका कार्डात. ते गेले की बोर्ड धडधाकट असूनही काम ठप्प होते. म्हणून ‘सिस्टीम ड्राइव्हची प्रत कशी ठेवावी’ हा प्रश्न या संगणकांच्या बाबतीत हौसेचा राहिलेला नाही. त्यावर उपायही भरपूर आहेत आणि नेमकी तिथेच नव्या माणसाची गाळण उडते. कोणी डीडी सांगतो, कोणी आरसिंक, कोणी म्हणतो बॅकअप कशाला, पुन्हा इन्स्टॉल करा. या सगळ्या मार्गांची एकत्र पाहणी करून कोणता कुठे कामाचा, हे मांडण्याचा हा प्रयत्न.

कार्ड का जाते

फ्लॅश मेमरीत आधीचे पुसल्याशिवाय त्याच जागी नवे लिहिता येत नाही. लिहिणे होते छोट्या पानांत, पुसणे होते मोठ्या ठोकळ्यांत. त्यामुळे चार किलोबाइटची एक नोंद बदलायची असली, तरी कार्डातला कंट्रोलर जुने पान रद्द ठरवतो, नवी नोंद भलतीकडे लिहितो आणि कुठला पत्ता कुठे नेला याचा तक्ता स्वतःजवळ ठेवतो. प्रत्येक ठोकळा ठरावीक वेळाच पुसता येतो. कॅमेऱ्यात हे कार्ड निवांत असते, कारण तिथे मोठमोठ्या फाइली सलग लिहिल्या जातात. ऑपरेटिंग सिस्टीम मात्र दर काही सेकंदांनी चिमूटभर लिहिते. लॉगची एक ओळ, डेटाबेसमधली एक नोंद, एखादी तात्पुरती फाइल. झीज होते ती इथे.

त्यात आपल्याकडे लाइट जाते. कंट्रोलर आपला तक्ता अद्ययावत करत असतानाच वीज गेली, तर जी फाइल आपण उघडलीही नव्हती तीसुद्धा बिघडू शकते. एक्स्ट-४ या फाइल सिस्टीमला जर्नल असते. स्वतःचे अर्धवट राहिलेले लिखाण ती त्यावरून सावरते. पण कार्डाच्या पोटातला तक्ताच हुकला तर जर्नलला त्याचा पत्ता नसतो. हार्ड डिस्क किंवा एसएसडी स्वतःच्या तब्येतीचा जो अहवाल देते, तसा बहुतेक कार्डे देत नाहीत. काही कार्डांची अखेर तर फसवी असते. तुम्ही फाइल पुसता, ती पुसलेली दिसते, कुठलीही चूक दाखवली जात नाही आणि मशीन रीबूट केल्यावर फाइल पुन्हा जागच्या जागी हजर. कार्डाने लिहून घेणे कधीच थांबवलेले असते. असे दिसले की त्याच दिवशी कार्ड बदलावे.

झीज कमी करण्याचे उपाय आहेत. सतत लिहिण्यासाठी बनवलेली ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्डे मिळतात. कार्डावरचा ए-१ किंवा ए-२ हा शिक्का छोट्या-छोट्या वाचन-लेखनाचा किमान वेग सांगतो. ए-१ म्हणजे सेकंदाला किमान १,५०० वाचने आणि ५०० लेखने, ए-२ म्हणजे ४,००० आणि २,०००. हा शिक्का वेगाचा आहे, आयुष्याचा नाही, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे. लॉग काही काळ रॅममध्ये ठेवता येतात. रास्पबेरी पाय ओएसमधल्या ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये ओव्हरले फाइल सिस्टीमची सोय आहे. ती चालू केली की कार्डावर काहीच लिहिले जात नाही, सगळे बदल रॅममध्ये राहतात आणि रीबूटला पुसले जातात. फलक दाखवणाऱ्या किंवा एकच ठरलेले काम करणाऱ्या मशीनसाठी हा उत्तम मार्ग. लहानसा यूपीएस तर हवाच. या सगळ्याने कार्डाचे आयुष्य वाढते, प्रतीची गरज मात्र संपत नाही.

क्लोन आणि बॅकअप : दोन वेगळ्या गरजा

बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो. क्लोन म्हणजे चालू ड्राइव्हची अशी जुळी प्रत, जी थेट मशीनमध्ये घालून बूट करता येते. कार्ड गेले, दुसरे घातले, दोन मिनिटांत काम सुरू. बॅकअप म्हणजे जुन्या तारखांना परत जाण्याची सोय. मंगळवारी एका अपडेटने सेटिंग बिघडवले, ते शुक्रवारी लक्षात आले आणि मधल्या गुरुवारी रात्री क्लोन ठरल्याप्रमाणे ताजा झाला. आता दोन्ही कार्डांवर तोच बिघाड आहे. क्लोनने आपले काम चोख केले आहे, पण तुम्हाला हवा असलेला सोमवार कुठेच शिल्लक नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. महिनाभराच्या रोजच्या नोंदी व्यवस्थित जपलेला बॅकअप असला, तरी त्यावरून मशीन उभे करायला एक संध्याकाळ जाते. दवाखान्यातली रांग सांभाळणारा किंवा दुकानाचे बिल काढणारा संगणक असेल, तर तेवढा वेळ कोणाकडे नसतो. म्हणून साधन निवडण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. मशीन किती वेळ बंद राहिलेले चालेल? आणि किती मागचे परत मिळायला हवे? पहिले उत्तर क्लोनकडे नेते, दुसरे बॅकअपकडे. बहुतेकांना थोडे-थोडे दोन्ही लागते.

ठोकळा-ठोकळा प्रत : डीडी आणि त्याची मंडळी

सर्वांत जुना मार्ग डीडीचा. १९७० च्या दशकातल्या युनिक्सपासून हा आदेश चालत आला आहे. तो फाइल, फोल्डर, पार्टिशन यांतले काही ओळखत नाही. पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जे दिसेल ते उचलून दुसरीकडे ठेवतो. त्याची ताकद यातच आहे. फाइल सिस्टीम कोणतीही असो, बूटची मांडणी कशीही असो, प्रत हुबेहूब होते. ज्या अनोळखी बोर्डांचा बूटलोडर पार्टिशनच्या बाहेर, ड्राइव्हच्या अगदी सुरुवातीच्या भागात लिहिलेला असतो, त्यांच्यासाठी तर हा सर्वांत भरवशाचा मार्ग.

त्याच्या मर्यादाही याच गुणातून येतात. ३२ जीबीच्या कार्डावर प्रत्यक्षात ५ जीबीच भरलेले असले तरी डीडी ३२ जीबी वाचतो. सेकंदाला २० एमबी वेग धरला तर जवळजवळ सत्तावीस मिनिटे. दुसरी अडचण मापाची. दोन कंपन्यांची ‘३२ जीबी’ कार्डे सेक्टर मोजले तर क्वचितच सारखी भरतात. नवे कार्ड काही एमबीने लहान निघाले की प्रत शेपटाशी तुटते. तिसरी गोष्ट सर्वांत महागात पडणारी. डीडीला कुठून वाचायचे आणि कुठे लिहायचे हे आपण सांगतो आणि तो पुन्हा विचारत नाही. दोन नावांची अदलाबदल झाली तर कोरे कार्ड भरलेल्या कार्डावर उतरते आणि मूळ माल कायमचा जातो. म्हणून एंटर दाबण्याआधी ‘एलएसबीएलके’ हा आदेश चालवून, ड्राइव्हचे आकारमान वाचून, कोणते नाव कोणाचे हे पक्के करावे. ही सवय अनुभवी माणसांनीही मोडू नये.

या मर्यादांवर दोन चांगले उतारे आहेत. पायश्रिंक ही स्क्रिप्ट डीडीने काढलेल्या इमेजमधली रिकामी जागा कापून टाकते आणि नव्या कार्डावर पहिल्यांदा बूट होताना पार्टिशन आपोआप पूर्ण कार्डभर पसरेल अशी व्यवस्था करते. त्यामुळे ३२ जीबीची इमेज पाच-सहा जीबीवर येते आणि लहान कार्डावरही उतरते. दुसरा उतारा पार्टक्लोनचा. फाइल सिस्टीम ओळखून तो फक्त भरलेले ठोकळे उचलतो. तैवानच्या नॅशनल सेंटर फॉर हाय-परफॉर्मन्स कॉम्प्युटिंगमध्ये तयार झालेले क्लोनझिला हे साधन त्यावरच उभे आहे. तुमचा छोटा संगणक इंटेल किंवा एएमडीचा मिनी पीसी असेल, तर पेनड्राइव्हवरून क्लोनझिला बूट करावे आणि पूर्ण ड्राइव्हची इमेज बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. अशा मशीनसाठी मला तरी यापेक्षा सरळ मार्ग दिसत नाही. रास्पबेरी पायचे कार्ड असेल तर ते काढून दुसऱ्या संगणकात घालून हेच करता येते.

ठोकळा-प्रतीचा एक नियम मात्र सक्तीचा मानावा : ज्या ड्राइव्हवरून मशीन चालू आहे, त्याची डीडीने प्रत घेऊ नये. वाचायला अर्धा तास लागतो आणि तेवढ्या वेळात सिस्टीम लिहीतच असते. प्रतीचा पहिला भाग नऊ वाजताचा, शेवटचा साडेनऊचा. अशी प्रत कधी बूट होते, कधी नाही, आणि झाली तरी आत काय बिनसले आहे ते महिन्यांनी कळते. मशीन बंद करून, कार्ड बाहेर काढून घेतलेली इमेजच खरी.

फाइल-फाइल प्रत : आरसिंकचा मार्ग

चोवीस तास चालणारे मशीन दर आठवड्याला बंद करणे कोणाला जमते? तिथे फाइल पातळीवरची साधने कामाला येतात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात आरसिंक असते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते १९९६ मध्ये जाहीर केले. फाइलचा फक्त बदललेला तुकडा नेटवर्कवरून पाठवण्याची त्याची युक्ती गाजली. एकाच मशीनमधल्या दोन ड्राइव्हच्या दरम्यान मात्र ती युक्ती सहसा वापरली जात नाही. तिथला वेग येतो तो आकार आणि वेळ जुळणाऱ्या फाइली सरळ ओलांडून जाण्यामुळे. पहिल्या प्रतीला वेळ लागतो, पुढच्या प्रती काही मिनिटांत आटोपतात.

पूर्ण सिस्टीम उचलायची तर आरसिंकला नीट सूचना द्याव्या लागतात. सगळ्यांना पाठ असलेला ‘ए’ हा पर्याय मालकी, परवानग्या आणि तारखा जपतो. पण हार्डलिंक, एसीएल आणि विस्तारित गुणधर्म तो उचलत नाही. त्यांच्यासाठी कॅपिटल एच, ए आणि एक्स हे तिन्ही वेगळे द्यावे लागतात. विस्तारित गुणधर्म सुटले तर काही प्रोग्रामना मिळालेल्या खास परवानग्या गळतात आणि परत आणलेली सिस्टीम वरकरणी ठीक, पण इथे-तिथे अडखळणारी निघते. शिवाय लहान एक्स देऊन ‘याच फाइल सिस्टीमपुरते राहा’ असे बजावले नाही, तर प्रॉक आणि सिस ही कर्नलची आभासी फोल्डरेही प्रतीत ओढली जातात.

हे सगळे हाताने करण्याची गरज नाही. रास्पबेरी पाय ओएसच्या डेस्कटॉपवर ‘एसडी कार्ड कॉपियर’ आहे. तो चालू सिस्टीमवरून दुसऱ्या कार्डावर किंवा एसएसडीवर प्रत करतो आणि माल मावत असेल तर लहान कार्डही चालवून घेतो. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. टर्मिनलवर काम करणाऱ्यांसाठी आरपीआय-क्लोन आहे. पहिल्या खेपेला तो पार्टिशन आखून पूर्ण प्रत करतो, पुढे फक्त फरक भरतो. रास्पबेरी पाय ओएसच्या २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीत बूट पार्टिशनचा मुक्काम ‘बूट’ फोल्डरवरून त्याच्या आतल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरवर गेला. त्या बदलाशी जुळवून घेतलेली नवी शाखाच घ्यावी, जुनी स्क्रिप्ट वापरू नये. सिस्टीमची मांडणी बदलली की प्रत घेणारे साधनही तपासावे लागते, हा त्यातला कायमचा धडा.

बूट झाले, पण कोणत्या ड्राइव्हवरून?

क्लोन करणाऱ्याला हमखास चकवणारी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. रास्पबेरी पाय ओएसच्या बूट पार्टिशनमध्ये ‘सीएमडीलाइन’ नावाची एका ओळीची फाइल असते. मुख्य फाइल सिस्टीम कोणती, हे कर्नलला तीच सांगते, आणि सांगते ते पार्टयूयूआयडीने. पारंपरिक पार्टिशन तक्त्यात ड्राइव्हला षोडशमान पद्धतीचा आठ अंकी क्रमांक असतो. त्याला ‘-०१’ जोडले की बूट पार्टिशन, ‘-०२’ जोडले की मुख्य. ‘एफएसटॅब’ फाइलमध्येही हेच दोन क्रमांक लिहिलेले असतात.

आता कार्डाची डीडीने एसएसडीवर प्रत केली, तर हा आठ अंकी क्रमांकही जसाच्या तसा उतरतो. दोन्ही ड्राइव्ह जोडलेले राहिले की मशीन बूट होते एसएसडीवरून, पण कर्नल त्या क्रमांकाचे पार्टिशन शोधताना कार्डावर पोचू शकतो. सगळे सुरळीत दिसते. तुम्ही आठवडाभर नव्या एसएसडीवर काम करत आहोत या समजुतीत राहता. मग कार्ड काढता आणि आठवड्याचे काम गायब. आरसिंकने हाताने प्रत केली तर उलटा प्रकार होतो : एसएसडीचा क्रमांक नवा, पण तिच्या आतल्या दोन्ही फाइलींत अजून जुना, म्हणून कार्ड काढताच बूट अडते.

उपाय सोपा आहे. डीडीने प्रत केली असेल तर मशीन बंद करून दोहोंतला एक ड्राइव्ह काढून ठेवावा. हाताने प्रत केली असेल तर ‘बीएलकेआयडी’ने नवा क्रमांक पाहून दोन्ही फाइली दुरुस्त कराव्यात. आरपीआय-क्लोन हे आपणहून करतो, एसडी कार्ड कॉपियरमध्ये नवे पार्टिशन क्रमांक देण्याचा पर्याय आहे. कोणताही मार्ग घेतला तरी नव्या ड्राइव्हवरून बूट झाल्यावर ‘फाइंडमाउंट’ चालवून मुख्य फाइल सिस्टीम नेमकी कुठून जोडली गेली हे डोळ्यांनी पाहावे.

एका क्लोनवरून अनेक मशीन उभी करायची असतील, उदाहरणार्थ शाळेच्या लॅबमधली सगळी, तर आणखी तीन गोष्टी प्रत्येक मशीनवर बदलाव्या लागतात : होस्टनेम, मशीन-आयडी आणि एसएसएचच्या होस्ट किल्ल्या. काही यंत्रणांत डीएचसीपीसाठीची ओळख मशीन-आयडीवरून बनते, त्यामुळे दोन मशीनना एकच आयपी मिळण्याचा घोळ होतो. एसएसएचच्या किल्ल्या सगळीकडे सारख्या राहिल्या, तर एका मशीनची किल्ली हाती लागलेला माणूस बाकीच्यांचा मुखवटा चढवू शकतो.

चालू डेटाबेस : फाइल उचलली म्हणजे डेटा आला असे नाही

आरसिंक चालू सिस्टीमवर चालते म्हणून सगळेच सुरक्षित उचलले जाते, असे मात्र नाही. लॉग किंवा सेटिंगच्या फाइलीत फारसे बिघडत नाही. डेटाबेसची गोष्ट वेगळी. होम असिस्टंटचा इतिहास एसक्यूलाइटमध्ये असतो, नेक्स्टक्लाउडचा बहुधा मारियाडीबीत किंवा पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये. त्यांची फाइल वाचली जात असतानाच तिच्यात लिहिले गेले, तर प्रतीतला डेटाबेस उघडेलच याची खात्री नाही. यावर मार्ग एकच : आधी डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाने डंप काढायचा, मग तो डंप प्रतीत घ्यायचा. एसक्यूलाइटचा ‘बॅकअप’ आदेश, मारियाडीबीचा डंप, पोस्टग्रेएसक्यूएलचा पीजी-डंप ही त्यासाठीची साधने. होम असिस्टंटची स्वतःची बॅकअप सोय चांगली आहे आणि पाय-होलमधून सेटिंग्ज एका फाइलीत बाहेर काढता येतात. ज्या प्रोग्रामने स्वतःचा बॅकअप दिला आहे, त्याचा तो आधी वापरावा.

एलव्हीएम किंवा बीटीआरएफएस वापरणाऱ्यांना स्नॅपशॉटचा आधार मिळतो. क्षणभरात फाइल सिस्टीमचे एक गोठलेले चित्र तयार होते आणि त्यावरून सावकाश प्रत घेता येते. टाइमशिफ्ट हे साधन बीटीआरएफएसच्या स्नॅपशॉटची तारखेनुसार निगा राखते आणि बिघडलेले अपडेट उलटवायला फार सोयीचे पडते. पण स्नॅपशॉट त्याच ड्राइव्हवर राहतो. ड्राइव्ह गेला की स्नॅपशॉटही गेले. त्याला बॅकअप समजणे ही महागडी चूक ठरते.

इतिहास जपणारी साधने

मागच्या तारखांना जाण्यासाठी आज दोन नावे पुढे आहेत, बॉर्ग आणि रेस्टिक. दोन्ही साधने फाइलींचे तुकडे करतात, एकदा साठवलेला तुकडा पुन्हा साठवत नाहीत आणि सगळे कूटबद्ध करून ठेवतात. त्यामुळे महिनाभराच्या रोजच्या प्रती मिळून एका पूर्ण प्रतीपेक्षा थोडीच जास्त जागा खातात. बॉर्गला दुसऱ्या टोकाला एसएसएच आणि शक्यतो बॉर्गच हवे असते. रेस्टिक एकाच फाइलीचा प्रोग्राम आहे आणि क्लाउडच्या साठ्यावरही थेट पाठवतो. मात्र साठा वाढत गेला की रेस्टिकला मेमरी जास्त लागते. रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यूसारख्या ५१२ एमबी रॅमच्या मशीनवर ते जड जाते, तिथे बॉर्ग बरे.

या साधनांच्या किल्लीकडे दुर्लक्ष करू नये. पासफ्रेज किंवा किल्ली हरवली तर बॅकअप कोणीही उघडू शकत नाही, तुम्हीसुद्धा. ती त्याच कार्डावर ठेवून उपयोग नाही. कागदावर लिहून कपाटात ठेवणे हा उपाय जुना असला तरी पक्का आहे.

किती प्रती, कुठे? छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुळवलेला ३-२-१ हा नियम इथेही लागू पडतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. चालू कार्ड ही पहिली, घरातल्या दुसऱ्या संगणकावरची किंवा डिस्कवरची दुसरी, भावाच्या घरी किंवा क्लाउडवर असलेली तिसरी. आणि शक्य असेल तर प्रत ‘ओढून’ घ्यावी. छोट्या मशीनला बॅकअपच्या जागी लिहिण्याची परवानगी देण्याऐवजी बॅकअपच्या संगणकाने येऊन वाचून न्यावे. मग छोटे मशीन कोणाच्या ताब्यात गेले तरी जुन्या प्रती त्याच्या हाती लागत नाहीत.

कार्ड सोडून एसएसडीकडे

क्लोनिंगचे सर्वांत आनंदाचे निमित्त म्हणजे स्थलांतर. २०१८ चा रास्पबेरी पाय ३ बी प्लस मुळातच यूएसबीवरून बूट होतो. पाय ४ ला ही सोय २०२० मध्ये बूटलोडरच्या अपडेटने मिळाली. पाय ५ वर पीसीआय एक्सप्रेसची जोडणी आहे आणि २०२४ मध्ये त्याचा अधिकृत एम-२ हॅट आला. काम गंभीर असेल तर आज कार्डावर अडून राहण्याचे कारण उरलेले नाही. कार्डावरून एसएसडीवर क्लोन करावा, बूटचा क्रम बदलावा आणि तेच कार्ड तारीख लिहून जपून ठेवावे.

वीजपुरवठा मात्र तपासावा. पाय ४ यूएसबीच्या सर्व उपकरणांना मिळून १.२ अँपिअर देतो. पाय ५ ला ५ अँपिअरचा पुरवठा असेल तर तो १.६ अँपिअर देतो, नसेल तर ६०० मिलिअँपिअरवर थांबतो. एवढ्यात काही एसएसडी नीट चालत नाहीत आणि दोष मात्र क्लोनला दिला जातो. कॉम्प्युट मॉड्यूलवरच्या ईएमएमसीची प्रत घ्यायची असेल तर ‘आरपीआय-बूट’ हा प्रोग्राम ती दुसऱ्या संगणकाला पेनड्राइव्हसारखी दाखवतो, मग नेहमीची साधने चालतात. प्रत ठेवण्यासाठी नवे कार्ड घेतले असेल तर आधी ‘एफ-३’ या साधनाने त्याची खरी क्षमता तपासावी. नावाला १२८ जीबी आणि आत त्याच्या चतुर्थांशही नाही, अशी बनावट कार्डे बाजारात असतात.

बॅकअपच नको, पुन्हा उभारू?

एक गट म्हणतो की सिस्टीमची प्रत ठेवण्यात अर्थ नाही. ऑपरेटिंग सिस्टीम फुकट मिळते, पॅकेजेसची यादी आणि सेटिंग्ज गिटमध्ये ठेवा, अँसिबलसारख्या साधनाने अर्ध्या तासात नवे मशीन उभे करा, बॅकअप फक्त डेटाचा. या मताला मी मान देतो. ज्यांच्याकडे अशी दहा-वीस मशीन आहेत, त्यांच्यासाठी हाच योग्य मार्ग आहे, कारण क्लोनबरोबर वर्षानुवर्षांचा साचलेला कचराही पुढे जातो. पण एकच रास्पबेरी पाय असलेल्या माणसाने सेटिंग्ज तुकड्या-तुकड्याने, वर्षभरात, कुठेही न लिहिता केलेली असतात. त्याला ‘पुन्हा उभारा’ असे सांगणे म्हणजे त्या सगळ्या संध्याकाळी परत मागणे आहे. त्याच्यासाठी क्लोनच खरा. सेटिंग्जचे ‘ईटीसी’ फोल्डर आणि पॅकेजेसची यादी मात्र दोघांनीही जपावी. जागा नगण्य, उपयोग मोठा.

परत आणून पाहिल्याशिवाय बॅकअप नाही

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या अनेक सोयी कागदावर होत्या. शोधायला गेल्यावर दिसले की नेहमीचे डंप आवृत्ती न जुळल्यामुळे निघतच नव्हते आणि ते निघत नसल्याचे ईमेलही कोणापर्यंत पोचत नव्हते. शेवटी कामी आला तो काही तासांपूर्वी वेगळ्याच कारणासाठी हाताने घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट. सुमारे सहा तासांचा डेटा तरीही गेला. गिटलॅबने हा सगळा प्रकार स्वतःच तपशिलाने जाहीर केला, हे त्यांचे मोठेपण. जाणकारांची एक कंपनी, पाच प्रकारच्या तरतुदी आणि तरीही भरवशाच्या म्हशीला टोणगा. मग घरात ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या क्रॉन-जॉबचा भरवसा किती धरायचा?

म्हणून माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचा गाभा साधनात नाही, तपासणीत आहे. डीडी की आरसिंक, बॉर्ग की रेस्टिक, या वादात घालवलेल्या वेळापैकी तासभर रिस्टोअर करून पाहण्यात घालवला, तर त्याचे मोल जास्त. क्लोनची तपासणी सोपी आहे : मशीन बंद करा, क्लोन घाला, बूट करा, सगळ्या सेवा चालू आहेत का पाहा आणि जमल्यास त्याच क्लोनवर काम पुढे चालू ठेवून जुने कार्ड राखीव करा. दर खेपेला अशी आलटापालट केली की तपासणी आपोआप होत राहते. बॅकअपची तपासणी म्हणजे महिन्यापूर्वीची एखादी फाइल परत काढून ती उघडून पाहणे.

घरगुती किंवा छोट्या संस्थेच्या मशीनसाठी माझी शिफारस अशी. मशीन बंद करून एकदा पूर्ण इमेज काढा, पायश्रिंकने लहान करा आणि ठेवून द्या. आठवड्यातून एकदा चालू सिस्टीमवरून दुसऱ्या कार्डावर किंवा एसएसडीवर क्लोन ताजा करा. रोज रात्री डेटाबेसचा डंप आणि सेटिंग्ज बॉर्गने किंवा रेस्टिकने दुसऱ्या मशीनवर न्या, त्यातली एक प्रत घराबाहेर. आणि तीन महिन्यांतून एकदा हे सगळे परत आणून पाहा. यात पैशाचा खर्च एका जादा कार्डाचा आणि एका डिस्कचा.

तुमच्या घरी, शाळेत, वाचनालयात किंवा दुकानात असा एखादा छोटा संगणक गुमान काम करत असेल, तर येत्या रविवारी एक कोरे कार्ड आणा, त्यावर क्लोन घ्या आणि त्याच दिवशी त्यावरून मशीन बूट करून पाहा. बूट झाले नाही, तर ते आज कळलेले बरे. मूळ कार्ड अजून चालू आहे.